खंड : एक पौंड मिरी

टिळक रोडला झेरॉक्सच्या दुकानावर एक माडी आहे.
तिथे मी पानामागे अकरा रुपयांनी
एका मेलेल्या सरदाराची मालमत्ता टंकते.
सर ह्यू द मार्लवुड. वारला बाराशे ब्याण्णवच्या कार्तिकात.
कार्तिक माझा. कागदावर
कुठल्याशा संताच्या सणानंतरचा गुरुवार आहे.

तो गेल्यावर बारा गावकऱ्यांना बोलावलं, शपथ घातली,
विचारलं, याच्याकडे काय काय होतं?
पंचनामाच की.
कारकुनानं लॅटिनमध्ये लिहिला, कुणी इंग्रजीत आणला,
आता माझ्या रकान्यांत उतरतोय :
हेडली. जिरायत दोनशे एकर, कुरण अठरा,
कबुतरखाना एक,
पाणचक्की एक, मोडकी, उत्पन्न काही नाही.
स्टोक. साठ एकर, खडकाळ, म्हणून भाव कमी.

हे शेवटचं वाक्य मी ऐकलेलं आहे.
आमचे आप्पा मोजणीदार. साखळी ओढत
मुळशीचं खोरं पायी फिरले.
म्हणायचे, जमीन खोटं बोलत नाही,
पंच बोलतात.

ह्यूची कुळं खंड काय देत?
एक जण हातमोज्यांचा जोड.
एक जण, उन्हाळ्याच्या ऐन मध्यावर, एक गुलाब.
तिसरा एक पौंड मिरी.

मिरी!
त्या गारठ्यात मिरीचा वेल कुठला?
म्हणजे आपल्याच किनाऱ्यावर कुणा बाईनं
अंगणात वाळवली असणार, कोंबड्या हाकलत,
मग गलबत, उंट, पुन्हा गलबत,
आणि शेवटी हेडलीच्या कुळानं मोजून दिली,
एक पौंड.

पौंड.
अनुस्वार पुसला की उरतं पौड.

पौडला निबंधकाच्या कचेरीत
मी आणि कुमुद बाकावर बसलो होतो, टोकन सदतीस.
गट नंबर दोनशे बारा, एक हेक्टर चाळीस आर.
हक्कसोडपत्रात लिहिलं होतं,
'स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय.'
दडपण नव्हतंच. दादानं सीताफळं आणली होती.
वहिनीनं साड्या : मला मोरपंखी, कुमुदला डाळिंबी.
अंगठा काचेवर ठेवा, म्हणाला तो मुलगा.
माझा उठेना. भांडी घासून रेषा गेल्यात म्हणाला.
चौथ्यांदा उठला.

ह्यूची बायको अ‍ॅलिना. हयात असेतो तिसरा हिस्सा.
मुली तीन. इझोल्डा, बावीस 'आणि अधिक'.
मॉड, वीस. अ‍ॅव्हिस, अकरा.
जमीन तिघींना सारखी,
मोडक्या चक्कीचासुद्धा तिसरा तिसरा भाग.
कबुतरांचं काय केलं, ते लिहिलेलं नाही.

मी खुर्चीत मागे टेकले. म्हटलं, बघा,
सातशे वर्षांपूर्वी!
पंखा बंद केला, जरा ऐकू यावं म्हणून, कुणाला कोण जाणे.
मग पुढची ओळ आली :
'मुलगा रॉजर, वय चार, बापाआधी वारला.'

म्हणजे रॉजर जगता
तर या तिघी माझ्या रकान्यात आल्याच नसत्या.
तापानं गेला असेल. चार वर्षांचा.
त्याच्या जाण्यानं मला मघाशी बरं वाटलं होतं.

धाकटी अजाण, म्हणून राजाच्या ताब्यात.
तिचं लग्न लावायचा हक्क राजानं विकला,
चाळीस पौंडांना, शेजारच्या एका सरदाराला.
'रक्कम'मध्ये मी चाळीस भरते.
गुलाबाला वेगळा रकाना नाही.
तिथेच भरते : एक.
सॉफ्टवेअर मुकाट घेतं.

रात्री कुमुदला फोन लावला.
विचारलं, ती डाळिंबी साडी नेसतेस का गं अजून?
ती म्हणाली, कोणती?
मग म्हणाली, हां, ती होय. बोहारणीला दिली.
पातेलं आलं त्यावर.
चांगलं जाड बुडाचं आहे, दूध लागत नाही.