नऊ ते दहा

घर विकलं तेव्हा अंगणही गेलं,
अंगणातला बारा मीटरचा लोखंडी खांबही.
नव्या मालकाने त्यावर द्राक्षाचा वेल चढवला म्हणे.
आम्ही रूसे शहरात, सातव्या मजल्यावर आलो:
दीड खोली, आणि काचा लावलेली बाल्कनी,
जिच्यातून डॅन्यूब दिसते
दोन इमारतींच्या फटीत, सुरीच्या पात्याएवढी.

पहिल्या दिवशी बोगोमिलने पलंग जोडला नाही,
टेप काढली.
भिंती मोजल्या, दारामागची जागा मोजली,
मध्ये उभी होते म्हणून मलाही मोजलं असतं.
इस्त्रीच्या कपाटाशी थांबला.
"पंचावन्न सेंटिमीटर," म्हणाला,
विहिरीला पाणी लागलं म्हणून सांगावं तसं.

चादरी पलंगाखाली गेल्या.
इस्त्री ओव्हनवर.
कपाटात आला रेडिओ, मोर्सची पितळी कळ,
एक घड्याळ, ज्यात आमची वेळ कधीच नसते,
आणि गुडघ्यांना जागा उरली नाही म्हणून
दार उघडं टाकून बसलेला तो,
अर्धा आत, अर्धा बाहेर,
गोगलगायीसारखा.

तार मात्र बाहेरच हवी.
इमारत सांभाळणारी दोब्रिंका म्हणाली,
छतावर काही नाही. डांबर नवीन आहे. वीज पडेल.
आधीच इतक्या डिश.
मग पहाटे चारला
शिवणाच्या दोऱ्याहून जराशी जाड तांब्याची तार
मासे पकडायच्या काठीने
समोरच्या लिंडनमध्ये फेकली.
तीनदा फसली. चौथ्यांदा झाडाने धरली.
हे मी, तो आणि कावळे सोडून
कुणाला ठाऊक नाही.

पण कानांवर हेडफोन चढवले
तर आत कुणीतरी चणे भाजत होतं.
दुरून आलेलं जे जे काही
त्या तडतडीत विरून जाई.
तीस वर्षं टगबोटींवर वायरलेस ऐकलेला माणूस,
धुक्यात, इंजिनाच्या धडधडीत ऐकलेला,
इथे बहिरा झाला.

खिशातला ट्रान्झिस्टर कानाला लावून
तो मजलोमजली फिरला.
चौथ्यावरच्या मुलाचं मत्स्यालय: निर्दोष.
दुसऱ्यावरच्या पाराश्केवाचा स्कूटरचा चार्जर: जरा दोषी,
पण तिने मिरच्यांच्या लोणच्याची बरणी दिली
आणि प्रकरण मिटलं.
तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी घरी परतला,
ट्रान्झिस्टर चालूच,
आणि स्वयंपाकघराच्या दारात
तडतड एकदम वाढली.

माझा दिवा.
लेकीने लाइपझिगहून पाठवलेला, मान वाकणारा,
ज्याच्याखाली मी वाचते, कारण
मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर
साधा उजेड मला पुरत नाही.
इतके दिवस माझा उजेड
त्याच्या कानात भाजत होता.

तो काही बोलला नाही.
ट्रान्झिस्टर बंद केला, बूट काढले,
नेहमीपेक्षा सावकाश.
मीच म्हटलं, नऊ ते दहा.

त्या तासात मी अंधारात बसते.
विणत नाही, मिरच्या निवडत नाही.
पंचावन्न सेंटिमीटरमधून
पाच वॅट जगाकडे निघतात,
आमच्या फ्रीजमधल्या बल्बहूनही कमी.
त्याचा हात हल्ली अडखळतो;
एक आखूड ठोका कधी उगाच लांबतो.
मला मोर्स येत नाही, पण
अडखळलेलं कळतं.

काल फेरो बेटांवरचं कुणीतरी सापडलं.
"काय म्हणतो?" मी विचारलं.
"वारा आहे तिकडे. स्वच्छ ऐकू येतोय म्हणाला."
पेन्सिल वहीवर थांबली.
"त्याच्याकडे बाल्कनीच नाही.
पडद्याची दांडी वापरतो. पितळेची."

मी आपल्या पडद्याच्या दांडीकडे पाहिलं.
अंधार होता, तरी पाहिलं.
बोगोमिल मुद्दाम
दुसरीकडे बघत होता.