अत्तरक्लिफ

पाटीवर लिहिलंय ॲटरक्लिफ.
मी पहिल्या दिवसापासून अत्तरक्लिफच वाचते,
आणि ट्राममध्ये हे सांगून हसावं असं कुणी नाही.

शेफील्डचा हा तुकडा एके काळी पोलादाचा.
आता गाद्यांची दुकानं, टायरवाले,
आणि दोन टायरवाल्यांच्या मध्ये अंग चोरून
मुक्बिल अल-हद्दादचं दुकान.
हद्दाद म्हणजे लोहार, त्यानंच सांगितलं.
लोहार, आणि विकतो अत्तर.

मी नॉर्दर्न जनरलमध्ये रक्त काढते.
दिवसाला चाळीस कोपरं, चाळीस मुठी,
आणि अंगाला कसलाही वास चालत नाही.
म्हणून माझं अत्तर
शुक्रवार संध्याकाळ ते रविवार.

काचेची काडी तो आधी जड तेलात बुडवतो.
ऊद. मनगटावर एक रेघ.
"थांब."
मग चहा ओततो, वेलदोड्याचा.
मला येतो, त्याला येत नाही.
त्या सालच्या तापात त्याचा वास गेला तो गेलाच.
आमच्यात नाक गेलं म्हणजे अब्रू जाते,
त्याच्यात धंदा.
तरी हात चुकत नाही:
उदावर वाळा,
वाळ्यावर संत्र्याच्या फुलांचा एकच थेंब.
"चोळू नकोस. आणि उद्या येऊन सांग,
काय काय झालं."

पहिल्यांदा मी सांगितलं, उत्तम.
तो म्हणाला, उत्तम हा वास नाही.

तेव्हापासून मी हिशोब ठेवते.
संत्रं कालव्याच्या पुलापर्यंत टिकलं,
खूप बोलून चटकन उठणाऱ्या पाहुण्यासारखं.
मग वाळा: थंड, हिरवट,
माठात वाकून पाहिल्यावर चेहऱ्याला लागतो तो.
जिना चढेपर्यंत होता.
कांदा परतताना काहीच नाही. मनगट नुसतं मनगट.
मला वाटलं, संपलं.

रात्री अकराला स्वेटर डोक्यातून काढताना
उदानं गाठलं.

इतका वेळ कुठे होता?
मुरत होता.
लोणचं मुरतं तसा. आणि कुणी गोड बोलायला लागलं
की आपण म्हणतो ना,
पाणी कुठंतरी मुरतंय,
तसाही.

शनिवारी मी काउंटरवर कोपर टेकते आणि शब्द शोधते.
इंग्रजीत छान, नाहीतर घाण; पुढे रस्ता बंद.
मी म्हणते उग्र, म्हणते खरपूस,
हातानं तव्यावरची पोळी उलटवून दाखवते.
म्हणते, तळाशी जरा आंबूस आहे,
रात्रभर झाकून ठेवलेलं आंबोळीचं पीठ.
पीठ? आंबलेलं? वर जाळी पडते ते?
"लहूह!" तो ओरडतो,
आणि बाहेर टायरवाला वळून बघतो.
वहीत उजवीकडून डावीकडे काहीतरी लिहितो.
मग माझं मनगट धरतो,
डोळे मिटून, मान वाकवून
लांब श्वास घेतो.
मी काही म्हणत नाही.
मलाही कित्येकदा शीर दिसत नाही,
बोटाला कळते.

एक गोष्ट मात्र वहीत नाही.
रविवारी पहाटे, ऊदही दमल्यावर,
सगळ्याखाली रबरी हातमोज्यांचा वास होता
आणि त्याच्याही खाली
कसला तरी कोमट, ओळखीचा.
त्याला शब्द मला मराठीतही सुचला नाही.

रविवारी दोनदा साबण. गरम पाणी.
सोमवारी सकाळी आठला पहिल्याच खुर्चीत
डोरीन हॅटफील्ड, वय ब्याऐंशी, बाही वर करताना म्हणाल्या,
आमच्या चर्चच्या कपाटाचा वास येतोय गं कुठून तरी,
जुन्या झग्यांचा.
मी म्हटलं, मूठ मिटा.
आणि मुक्बिलसाठी लक्षात ठेवलं:
बासष्ट तास. कपाट. झगे.