मेटेउभी

कोपनहेगनहून नकाशेवाला आला, तेव्हा मी सोळाची.
आमच्या पॅरिशमध्ये धड लिहिता येणारे तिघेच:
पाद्रीबाबा, ते अंथरुणाला खिळलेले;
थ्यूगे घंटावाला, तो दुपारनंतर कुणाच्या कामाचा नसे;
आणि मी. म्हणून दौत माझ्याकडे आली.

तो काठीनं दाखवायचा, मी सांगायचे.
हे बिनपावाचं शेत. राय पेरावी तेवढीच हाती येते,
एका साली तेवढीही नाही.
ती विधवांची टेकडी. तिथून होड्या मोजतात.
हा नॉर्वेकराचा बूट.
बूट एकच सापडला होता,
पण पुरला रीतसर, स्तोत्र म्हणून.
आणि घंटेचा खळगा?
तो परवापर्यंत त्या तिथं होता,
वादळात जरा इकडे सरकलाय.

त्यानं मोजणीची साखळी खाली ठेवली.
जागा हलते, आणि नाव तेच?
मी म्हटलं, साहेब, नाव जागेला चिकटवलेलं नाही.
वाळू निघाली की तेही निघतं तिच्या पाठंगुळी.

बोडिल म्हातारीनं त्याला कॉफी दिली, चिकोरीची.
कपाच्या तळाशी वाळू होती, तो काही बोलला नाही.
तिनं सांगितलं, नवी सून आली
की आधी टेकडीच्या वारं खाणाऱ्या अंगाला
वाळूगवताचा एक जुडगा लावायचा, मग उंबरा ओलांडायचा.
गवत उपटणाऱ्याला इथं चोराहून जास्त दंड.
दिवेलागणीनंतर घरातली वाळू झाडायची नाही,
समुद्रावर गेलेल्यांची वाट पुसली जाते.
तुझा जुडगा धरला होता का गं, मी विचारलं.
कॉफी निवते आहे, ती म्हणाली.

परतताना एक सपाटी लागली.
ना उंचवटा, ना खळगा, ना साधा खुंट.
याला काही म्हणता?
मेटेउभी.
कोण मेटे?
माझी आई. इथं अकरा संध्याकाळी उभी होती.
बाराव्या संध्याकाळी घरी आली
आणि हेरिंग खारवायला बसली, बाह्या न सारता.

त्यानं चहूकडे पाहिलं, बऱ्याच वेळ. माणूस वाईट नव्हता.
पण इथं काहीच नाही, मुली, तो म्हणाला.
हो, मी म्हटलं. लिहायला घेतलेलं बोट
तसंच शाईत भिजत राहिलं.

दोन वर्षांनी नकाशा छापून आला,
चर्चच्या दारामागे खिळ्यानं ठोकला.
नॉर्वेकराचा बूट, अर्धा समुद्रात.
घंटेचा खळगा, तीन पावसाळ्यांपूर्वी होता तिथं.
आणि बिनपावाचं शेत?
छापखान्यात कुणीतरी "बिन" गाळलेलं.
पावाचं शेत!
पुढच्या वसंतात सारा वसूल करणारा आला,
दुप्पट आकारणी घेऊन.
येन्स ओले त्याला शेतावर घेऊन गेला,
मूठभर जमीन उचलली,
त्याच्या टोपीत ओतली. म्हणाला, खा.
तो खटला चार वर्षं चालला. हरलो.

आता नकाशाला बुरशी आली आहे, थ्यूगेही नाही.
आई गेली ती अंथरुणात, दाराकडे तोंड करून.
तिच्यावर वाळू टाकताना पाद्री म्हणाले, मातीला माती,
आणि आम्ही खाली पाहिलं,
कारण माती तिथं नव्हती.

काल नातवाला म्हटलं, मेंढ्या मेटेउभीवर ने.
त्यानं कुठं असं विचारलं नाही.
संध्याकाळी म्हणाला, आजी,
ती जरा पूर्वेला गेली आहे.