तपासणाऱ्याची सही

ऐरोलीत, सेक्टर आठच्या मागच्या गल्लीत,
खाडीकडे तोंड करून
आमची गाडी जूनपासून उभी आहे.
पावसाळ्यात कुठे जायचं नाही, हा ठराव रेजिनाचा.
गाडी सोडायचीही नाही, हा माझा.

आधी काड्यापेटी गेली. मग मीठ.
मग खारी अशी सादळली
की चहात बुडवायची गरजच उरली नाही.
गादी उचलली तर खाली प्लायवर
हिरवट बुरशी, नकाशातल्या जंगलासारखी,
आणि रेजिनाच्या चष्म्याच्या घरातसुद्धा एक ठिपका.
ती म्हणाली, "बॅच रिजेक्ट."

एकतीस वर्षं आम्ही दोघींनी
रबाळ्याच्या कंपनीत गोळ्या कोरड्या ठेवल्या.
पंचेचाळीसच्या वर काटा गेला
की आख्खी खोली थांबवायची, कुणाचंही न ऐकता.
कधी न पाहिलेल्या माणसांच्या तापासाठी एवढं केलं,
आणि स्वतःच्या उशीला हा कुबट वास!

वाशीच्या दुकानातल्या पोरानं
आधी एक छोटं, पांढरं, गोंडस यंत्र काढलं.
"आवाज नाही, वीज खात नाही, मॅडम."
"दिवसाला पाणी किती काढतं?"
"अडीचशे मिली."
"एवढं तर माझा टॉवेल देतो," रेजिना म्हणाली.
दुसरं शून्य अंशातही चालणारं.
ऐरोलीत शून्य अंश!
आम्ही हसलो, मग तो पोरगाही.
शेवटी घेतलं कॉम्प्रेसरवालं, बारा किलोचं,
तिच्या गुडघ्याचं मत न विचारता.

आणल्यावर चार तास नुसतं उभं ठेवा, पुस्तिकेत लिहिलेलं.
प्रवासात आडवं पडून त्याचं तेल भलतीकडे चढतं,
ते खाली उतरू द्या, मग बटण दाबा.
(माहेरून परत आल्यावर
मलाही कुणीतरी असं ठेवायला हवं होतं.)

खिडक्या बंद हव्यात,
हे कळायला माझा एक दिवस गेला.
सवयीनं छताची झडप उघडी ठेवली
आणि ते बिचारं
दिवसभर ठाण्याची खाडी गाळत बसलं.
सेक्रेटरी शृंगारपुरे वायर बघून गेले.
वेगळा मीटर लावला.

ब्याण्णव. एकाहत्तर. अठ्ठावन्न.
काडी पहिल्या घाशीत पेटली
तेव्हा रेजिनानं ती विझू दिली नाही, बोटापर्यंत.
रोज सकाळी टाकी ओढायची, मापात ओतायची,
आणि जुन्या खोडीनं वहीत नोंद:
तारीख, आर्द्रता, पाणी,
करणाऱ्याची सही, तपासणाऱ्याची सही.

नागपंचमीनंतर रेजिना नाशिकला गेली,
लेकीकडे, गुडघा बदलायला.
जाताना फिल्टर धुऊन, वाळवून, बसवून गेली.

त्या रात्री पाऊस तेवढाच, भरती तेवढीच.
सकाळी टाकीत नऊशे मिली.
आदल्या दिवशी साडेबाराशे होतं.
डोळा पाण्याच्या पातळीत नेऊन पुन्हा वाचलं,
शिकवलेलं तसं, खालच्या वळणाशी.
नऊशेच.

तफावत आली की कारण लिहावं लागतं.
यंत्र ठीक. गळती नाही.
दोरीवर ओलं काही नव्हतं.
मग लिहिलं: रात्री श्वास घेणारं एक माणूस कमी.
आणि खोडलं,
एकाच रेघेनं, खालचं वाचता येईल असं,
शेजारी छोटी सही.
नियमच तसा आहे.

शेवटचा रकाना तेव्हापासून रिकामा,
आज एकविसावी ओळ.
ती आल्यावर वही समोर धरीन,
पण मागल्या तारखेची सही
ती करणार नाही.
तेवढी कडक आहे.