मागे, अजून मागे

ट्विन फॉल्सचं घर विकलं त्या आठवड्यात
आर्लन आणि मी रोज त्या पटांगणात जायचो
जिथे न खपलेली घरं चाकांवर उभी होती
आणि किमतीच्या पाट्या वाऱ्यात फडफडत होत्या.

आर्लनला मोटरहोम हवं होतं.
गुडघे, म्हणाला. रात्री दोनदा उठावं लागतं, म्हणाला.
बर्फात पाऊल न टाकता
सीटवरून उठलं की पलंग,
पलंगावरून उठलं की संडास.
"मी चालवेन, तू मागे जाऊन कॉफी करशील."

मी सव्वीस वर्षं शाळेची बस चालवली.
पाठीमागे साठ पोरं, त्यांची भांडणं, त्यांच्या उलट्या,
एकदा एक जिवंत कोंबडी.
आता पाठीशी अख्खं स्वयंपाकघर घेऊन बसायचं
आणि प्रत्येक वळणावर
प्रत्येक बशीनं माझ्या नावानं खडखडायचं?

ट्रेलर, मी म्हटलं.
घर झाडाखाली सोडावं, पिकअप घेऊन दूध आणावं.
पिकअप तर आहेच, हप्तेही फिटलेत.
इंजिन बसलं तर गाडी जाईल गॅरेजात,
अंथरूण नाही जाणार.
मोटरहोम बिघडलं की आपण दोघं मोटेलात,
हातात टूथब्रश घेऊन.

तो म्हणाला, विंचवासारखं, बिऱ्हाड पाठीवर.
मी म्हटलं, विंचू दूध आणायला जातो का?

विकणारा पोरगा दोघांनाही मान डोलवत होता.
शेवटी म्हणाला, चालवून तरी बघा.

आर्लन पिकअपमध्ये बसला. मागे ट्रेलर, सोळा फुटी.
मी पार मागे, हात वर करून.
ट्रेलर उजवीकडे न्यायचा तर चाक डावीकडे फिरवायचं,
हे कळायला माणसाला एक आयुष्य लागतं
किंवा एक रिकामं पटांगण.
मागे. अजून मागे. थांब. थांब म्हटलं ना!

नारिंगी शंकू चाकाखाली गेला.
अगदी मधोमध होता तो, आरशात मावेल असा.

आर्लन उतरला नाही.
मी खिडकीशी गेले तर हात मांडीवर ठेवून बसलेला.
"मधलं दिसत नाही गं," म्हणाला. "ऑक्टोबरपासून.
कडा दिसतात. कडा अजून स्वच्छ आहेत."

मग बऱ्याच वेळानं, समोर बघत,
"मोटरहोम एकट्या माणसाला जमतं.
ट्रेलर मागे घ्यायला दोघं लागतात."

म्हणजे गुडघ्यांचं खोटं होतं.
कॉफीचंही.
मी शंकू उचलला, चेपलेला,
आणि त्या पोराच्या हातात दिला.
त्याचे पैसे घ्यायला तो तयार नव्हता.
मी दिले.

ट्रेलरच घेतला आम्ही.

परवा क्वार्टझसाइटला पोचलो तेव्हा ऊन कलतं होतं.
वाळू, खडी, बुटक्या काटेरी झुडपांमधली जागा,
दोन्हीकडे घडीच्या खुर्च्या टाकून बसलेले शेजारी,
ज्यांना दिवसभरात एवढाच तमाशा.
चाकाशी मी.
आर्लन मागे, बर्फाच्या दिवसांतलं पिवळं जाकीट घालून,
आरशात अंगठ्याएवढा.
दोन्ही हात पसरून त्यानं
मला माझ्या दोन कडा दाखवल्या.
मधे काय आहे ते ना त्याला दिसत होतं, ना मला.

मागे, तो ओरडला.
एका शेजाऱ्यानं खुर्ची थोडी सरकवली.
अजून मागे.