मोड

खंडेराव मार्केटातला रमणभाई
आता विचारत नाही काय देऊ.
दोन काकड्या, एक बीट, मुळ्याची जुडी पाल्यासकट,
आणि माझ्याकडे बघून दोन लिंबं वरून.

फोडणीशी माझं कधी जमलंच नाही.
तीस वर्षं घातली, तरी
मोहरी तडतडली की मी अजून मागे सरकते,
कुणी अंगावर खेकसल्यासारखी.

रिपोर्टात साखर निघाली
तेव्हा आधी डबा बंद केला, दांडिया बाजारातल्या बाईंचा.
त्यांच्या वरणातही गूळ;
बडोदं ते बडोदंच.

आता ओट्यापाशी उभ्याउभ्या जेवते.
दही, दाण्याचं कूट, किसलेलं बीट.
बोटं लाल,
घासायला एकच वाडगा.
पुण्याहून ऊर्मिला विचारते, आज काय केलंस?
काही नाही गं, जेवले.
तिला ही दोन्ही उत्तरं एकत्र पटत नाहीत.

परवा मूग भिजवले,
काल फडक्यात बांधून नळाला टांगले
आणि विसरले.
आज पुरचुंडी सोडायला गेले तर
एक मोड फडक्याच्या विणीतून बाहेर आलेला,
पांढरा, वाकडा,
माझी वाट न बघता.

तो तसाच खुडून खाल्ला.
मीठ शोधायचाही कंटाळा आला होता.