साय न धरलेलं दूध

धरणगावात लग्नं लागली की
माझ्या लॅबमधल्या नळ्या दुधाळ होतात.
सेंट्रीफ्यूज थांबतो, मी झाकण उघडतो.
तळाला लाल गाळ, त्यावर सीरम,
एरवी गव्हाच्या काडीसारखं पिवळं, आरपार,
नळीमागे धरलेलं नाव वाचता येईल असं.
वैशाखात वाचता येत नाही.

'उपाशी पोटी आलात ना?'
सगळे हो म्हणतात.
जिनिंगचा मुनीमही हो म्हणाला होता,
मिशीला शेवभाजीची तर्री तशीच.

ठगूबाई महाजन सकाळी सातला आली.
खापरावर पुरणाचे मांडे करते.
तीन तालुके आधी तिला विचारतात, मग तिथी काढतात.
अंगावर मांस म्हणून नाही,
दंडाच्या पट्ट्याला दोन वेढे बसले.
कोपरापर्यंत भाजल्याचे डाग,
त्यांतून शीर शोधायची.
उपाशी का, विचारलं, तर हसली:
'उपाशी ते मी रोजच ऱ्हास, भाऊ.
तुले आजच आठवनं?'

नळी फिरली. थांबली.
दूध.

खाऊन आली, मनात म्हटलं, खोटं बोलली.
पण आमच्या धंद्यात एक जुनी परीक्षा आहे,
गवळ्यालाही कळेल अशी:
नळी रात्रभर फ्रिजमध्ये उभी ठेवायची.
कालच्या जेवणातलं तूप-तेल असेल
तर सकाळी वर साय धरते.
ठेवली.
लाइट दोनदा गेली त्या रात्री, दोनदा उठून आलो.

सकाळी साय नव्हती.
वरपासून खालपर्यंत सारखंच पांढुरकं, गढूळ.
बाई खरं बोलली होती.
हे ताटातून आलेलंच नव्हतं.
रिकाम्या खोलीत मी तिची माफी मागितली
आणि रिपोर्ट टाइप केला:
ट्रायग्लिसराइड सातशे चाळीस.
दीडशेच्या आत हवं होतं.

तिने नळी खिडकीकडे धरली.
'दूध शे. पन साय नही.
सपरेट शे का?'
मग बराच वेळ काही नाही. मग:
'तूप ते पंगतमा जास,
मन्हा पोटमा नही.
मंग हाई कथाईन उनं?'

कसं सांगायचं.
म्हटलं, मावशी, बकऱ्याची कलेजी असते ना,
तशी एक आपल्यालाही, उजव्या बरगडीखाली.
तू तुटके मांडे खातेस, कडा, गुळवणीत बुडवून,
रात्री दोनला, पातेली घासून झाल्यावर.
त्याआधी चूल पेटल्यापासून
चहा, चहा, पुन्हा चहा.
एवढी साखर साठवायला अंगावर मांस लागतं,
ते तुझ्याकडे नाही.
मग ती कलेजी बसते घुसळत,
गोडाची चरबी करते, रक्तात सोडते.
तुझ्या आत आणखी एक मांडेवाली आहे, मावशी,
तिला सुट्टी नाही.

ठगूबाईने पदराने नळी पुसली, परत दिली.
'तिले रोज किती देतस?'

महिन्याने दुसरी तपासणी लिहिली होती.
आली नाही.
ज्येष्ठात एरंडोल रस्त्याला, एका मंडपामागे दिसली.
निंबाखाली तीन खापरं,
तिच्या दोन्ही हातांवर मांडा फिरत होता,
फिरता फिरता एवढा पातळ झाला
की पलीकडून तिचा चेहरा दिसला,
आरपार.

कुणी तिच्याजवळ चहा आणून ठेवला.
तिने मला पाहिलं. ओळख दाखवली नाही.
अर्धा कप निंबाच्या बुडाशी ओतला,
अर्धा प्यायली.

मी जाऊन पंगतीत बसलो.
वाढप्याने मांड्यावर तुपाची धार धरली,
आणि मी
हात आडवा केला नाही.